मागच्या बाजूची बारीक अक्षरं

डेन्मार्कहून इंग्लंडात येणाऱ्या बेकनची १९२०च्या दशकातली एक जाहिरात होती. पोस्टरवर एक कोंबडी मान वर करून गातेय आणि शेजारी बसलेलं डुक्कर कान देऊन ऐकतंय. 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक' ही त्याची त्या गाण्यावरची दाद. व्हर्जिन रेकॉर्ड्सचा मालक रिचर्ड ब्रॅन्सन यानं हे पोस्टर विकत घेतलं आणि नात्यातला भाऊ सायमन ड्रेपर याला भेट दिलं. ड्रेपर कंपनीची सगळी गाण्यांची बाजू सांभाळायचा. सकाळी अंडी पोटात गेल्याशिवाय त्याच्याशी बोलायची सोय नसे, म्हणून ही कोंबडी. पोस्टर त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर लागलं. १९८३ साली कंपनीनं हिट गाण्यांची मालिका काढायचं ठरवलं, तेव्हा नाव शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. सुरुवातीच्या काही अल्बमांच्या वेष्टनांवर ते डुक्करही झळकलं.

'नाऊ'च्या आधी हिट गाण्यांचे संग्रह नव्हते असं नाही. उलट बाजारात त्यांचा सुळसुळाट होता, आणि त्यांना फारशी इज्जत नव्हती. कॅनडातल्या विनिपेगचा फिलिप काइव्हज टीव्हीवर जाहिराती करून भाजी चिरायची यंत्रं आणि ब्रश विकायचा. १९६६ साली त्यानं तीच युक्ती गाण्यांना लावली. त्याची के-टेल कंपनी एका तबकडीत वीस-वीस गाणी कोंबायची. पण तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखानं मावतात. त्यापुढे गेलं की खोबणी अरुंद कराव्या लागतात, आवाज बारीक होतो आणि खर्ज तर गळूनच जातो. यावर के-टेलवाल्यांनी सोपा उपाय काढला : गाणीच कापायची. एखादं कडवं उडवायचं, शेवट लवकर मिटवायचा. दुसऱ्या काही कंपन्या त्याहून वस्ताद. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं तर पैसे मोजावे लागतात, म्हणून त्या स्टुडिओतल्या पगारी गायकांकडून हुबेहूब नकला गाऊन घ्यायच्या. नाव व्हायच्या आधी एल्टन जॉननंसुद्धा अशा नकला गाऊन चार पैसे मिळवले आहेत. १९७१ साली या स्वस्त नकली अल्बमांनी ब्रिटिश चार्टवर पहिला क्रमांक गाठला. तेव्हा चार्टवाल्यांनी घाबरून वर्ष सरताच त्यांना यादीतूनच हद्दपार केलं.

व्हर्जिनच्या लोकांचा हिशेब साधा होता. आपली गाणी के-टेलसारख्यांना भाड्यानं देऊन मलई त्यांना का खाऊ द्यायची? पण एकट्या व्हर्जिनकडे दोन तबकड्या भरतील इतकी हिट गाणी नव्हती. म्हणून प्रतिस्पर्धी ईएमआयला सोबत घेतलं. २८ नोव्हेंबर १९८३ रोजी पहिला 'नाऊ' आला. तीस गाणी, सगळी मूळ गायकांची, आणि त्यांतली अकरा पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेली. तो तुफान खपला. वर्षभरात सीबीएस आणि वॉर्नर यांनी 'हिट्स' नावाची आपली मालिका काढली. १९८४च्या नाताळात या 'हिट्स'नं 'नाऊ ४'ला पहिला क्रमांक मिळूच दिला नाही. दोन्ही मालिका इतक्या फोफावल्या की एकेका गायकाच्या अल्बमला चार्टवर जागा मिळेना. शेवटी जानेवारी १९८९पासून ब्रिटनमध्ये संकलनांसाठी वेगळाच चार्ट सुरू झाला. म्हणजे दुसऱ्यांदा हद्दपारी, फक्त या वेळी जरा मानानं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात झाली ती हे असे दोन तट पडलेले असताना, आणि माझ्या मते या सगळ्या संकलनांची गोम इथेच आहे. '१९९०-९३ची सर्वोत्तम गाणी' असं वेष्टनावर लिहिलेलं असतं. आपण ते वाचून समजतो की कुणीतरी बसून त्या काळाची निवड केली आहे. प्रत्यक्षात निवड होते ती परवानगी मिळालेल्या गाण्यांतून. मडोनाचं 'व्होग' १९९०चं. ते वॉर्नरचं. मायकेल जॅक्सनचं 'ब्लॅक ऑर व्हाइट' १९९१चं. ते सोनीचं, कारण सीबीएस तोवर सोनीच्या ताब्यात गेली होती. प्रिन्सही वॉर्नरकडे. ही मंडळी वगळून नव्वदच्या सुरुवातीचं पॉप सांगणं म्हणजे शिवाजी महाराजांना वगळून सतरावं शतक सांगण्यासारखं. पण 'नाऊ'ला ते सांगावं लागलं, आणि लोकांनी ते गोड मानून घेतलं.

हे सगळं जिथे दिसतं ती जागा म्हणजे सीडीच्या डबीची मागची बाजू. समोर चकचकीत रंग, मोठ्ठा आकडा. मागे गाण्यांची यादी, आणि प्रत्येक नावाखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ. तिच्यात वर्तुळातलं 'पी' हे अक्षर, एक साल आणि कुणा कंपनीचं नाव. सोबत अमक्याच्या सौजन्यानं, तमक्याच्या परवान्यानं वगैरे. वर्तुळातलं 'सी' आपल्या ओळखीचं. ते शब्द, चित्र, मांडणी यांचा हक्क दाखवतं. 'पी' ध्वनिमुद्रणाचा हक्क दाखवतं. गाणं म्हणजे कायद्याच्या नजरेत दोन वस्तू. एक, कवी-संगीतकारानं रचलेली चीज. दुसरी, एका दिवशी एका स्टुडिओत एका गळ्यातून निघालेला तिचा आवाज. रचनेचे पैसे ठरलेल्या दरानं भरता येतात, त्यात फारशी घासाघीस नसते. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र सरळ नाही म्हणू शकतो, आणि पुष्कळदा म्हणतो. गायकाचा नवा अल्बम दुकानात आहे, लोकांनी तो घ्यावा, त्यातलं एकच गाणं दुसऱ्याच्या अल्बममध्ये कशाला वाटायचं, असा तो विचार करतो.

पैशांची वाटणी मला पंगतीसारखी वाटते. रॉयल्टीची एक ठरावीक टक्केवारी काढतात आणि तिचे गाण्यांच्या संख्येइतके समान भाग करतात. सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं गाणं असो, नाहीतर जेमतेम नवव्या क्रमांकाला शिवून आलेलं असो, पान सारखंच वाढलं जातं. करारात एक कलमही असतं : पुढे कुणा एकाला जास्त दिलं तर बाकीच्यांनाही तितकंच द्यायचं. त्यामुळे बड्या गायकाला गुपचूप जादा देऊन आणता येत नाही. तो आला तर सगळ्यांच्या बरोबरीनं येतो, नाहीतर येतच नाही. एका 'नाऊ'मध्ये डोक्यावर घ्यावीत अशी पंधरा गाणी आणि पुढे 'हे कोण बुवा?' असं वाटावं अशी दहा-बारा का असतात, त्याचं कारण बरंचसं इथे आहे.

शिवाय हक्क देशागणिक वाटलेले असतात. आपल्याकडे वॉर्नरच्या गाण्यांचे भारतातले हक्क मुंबईच्या मॅग्नासाउंडकडे होते. तेव्हा लंडनमध्ये ज्या दोन गाण्यांना शेजारी बसायची मनाई, ती मुंबईत एका कॅसेटवर येऊही शकत. उलट तिकडे शेजारी बसलेली गाणी इकडे एकत्र मिळतीलच असं नसे.

आता हिट कशाला म्हणायचं ते. ७ जुलै १९९१ रोजी ब्रायन ॲडम्सचं 'एव्हरीथिंग आय डू' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आलं आणि ऑक्टोबर संपत आला तरी हलेना. सलग सोळा आठवडे. आधीचा विक्रम स्लिम व्हिटमनचा, १९५५ सालचा, अकरा आठवड्यांचा. रॉबिन हूडवरच्या सिनेमातलं हे गाणं लोकांना नको नको झालं असेल, पण विकत घेणारे घेतच राहिले. शेवटी 'यू-टू'च्या 'द फ्लाय'नं ते खाली ओढलं. या काळात ज्यांची सर्वांत जास्त पंचाईत झाली ते राइट सेड फ्रेड. लंडनमध्ये व्यायामशाळा चालवणारे दोन टकले भाऊ आणि एक गिटारवाला अशा तिघांचं 'आय'म टू सेक्सी' सहा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर बसून राहिलं, वर सरकायला जागाच नव्हती. पुढच्या फेब्रुवारीत तेच गाणं अमेरिकेत पहिलं आलं. नव्वदच्या कुठल्याही संकलनात ते हमखास सापडतं. ॲडम्सचं गाणं मोठ्या लेबलाचं, तर हे टग नावाच्या चिमुकल्या लेबलाचं. छोट्या लेबलाला संकलनातला प्रत्येक पैसा हवाच असतो.

अमेरिकेत तर हिटची मोजणीच त्या वर्षी बदलली. तोवर दुकानदाराला फोन करून 'काय खपतंय?' असं विचारलं जायचं, आणि दुकानदार आपल्या आवडीचं, किंवा गोदामात पडून असलेलं सांगायचा. २५ मे १९९१पासून 'बिलबोर्ड'नं अल्बमांसाठी साउंडस्कॅनचे आकडे घेतले. गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्री नोंदली जाते, मधे कुणाची मेहेरबानी नाही. एका रात्रीत कंट्री गायक आणि रॅप करणारी पोरं यादीत वर आली. ती आधीही खपत होतीच, फक्त कुणी मोजत नव्हतं. ११ जानेवारी १९९२च्या यादीत निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'नं मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या जागेवरून खाली आणलं.

आणखी एक गोष्ट संकलन करणाऱ्यांना अडचणीत टाकते : त्या काळातली सगळी हिट गाणी त्या काळातली नव्हतीच. १९९० साली ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेली सिंगल होती रायचस ब्रदर्सची 'अनचेन्ड मेलडी', आणि तिचं ध्वनिमुद्रण १९६५चं. 'घोस्ट' सिनेमातल्या कुंभाराच्या चाकानं ती पुन्हा फिरवली. द क्लॅशचं एक जुनं गाणं जीन्सच्या जाहिरातीत वाजलं आणि १९९१मध्ये पहिलं आलं. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला फ्रेडी मर्क्युरी गेला, आणि त्याच्या क्वीन बँडचं १९७५चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' डिसेंबरात पुन्हा पहिल्या क्रमांकावर. ही गाणी नव्वदच्या संग्रहात घ्यायची की नाही? मी तरी घेईन. त्या नाताळात लोक जे ऐकत होते ते हेच.

मर्क्युरीचा विषय निघालाच आहे तर एका खर्जाचा प्रवास सांगतो. फारुख बलसारा हा झांझिबारचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला आणि तिथेच मित्रांबरोबर त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड जमवला. पुढे तो इंग्लंडात फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८१ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे त्याच्या क्वीन बँडनं डेव्हिड बोवीबरोबर 'अंडर प्रेशर' केलं. जॉन डीकनच्या बास गिटारवर दोनच सुरांत खेळणारा एक तुकडा त्या गाण्याला सुरू करतो. सहा वेळा एक सूर, मग झप्पकन दुसरा. १९९०मध्ये व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरनं तोच तुकडा उचलून 'आइस आइस बेबी' केलं. आपल्यात एक जादा ठोका आहे, असं त्यानं मुलाखतीत सांगून पाहिलं, पण ते कुणाला पटलं नाही. अखेर क्वीन आणि बोवी यांची नावं रचनाकारांत घालावी लागली. 'बिलबोर्ड'च्या मुख्य यादीत पहिलं आलेलं हे पहिलं रॅप गाणं. दोन वर्षांनी तो खर्ज मुंबईत पोचला. मॅग्नासाउंडनं काढलेल्या बाबा सेहगलच्या 'ठंडा ठंडा पानी'त तो जसाच्या तसा आहे. पाचगणीच्या घाटापासून निघून माँत्रो आणि अमेरिकेमार्गे पुन्हा मुंबईत, एवढा फेरफटका त्या काळी क्वचितच कुणा सुरावटीनं केला असेल.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा घेऊन आपलं गाणं उभं करायचं, याला सॅम्पलिंग म्हणतात. तोवर हा प्रकार बिनधास्त चालायचा. डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं तो थांबवला. बिझ मार्की या रॅपरनं गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय घेतला होता. न्यायमूर्ती केव्हिन डफी यांनी निकालाच्या सुरुवातीलाच बायबलमधली 'चोरी करू नकोस' ही आज्ञा घातली. त्यानंतर प्रत्येक तुकड्यामागे वकील आला. म्हणून त्या काळचं एक गाणं संग्रहात घ्यायचं तर कधी कधी त्याच्या पोटातल्या तीन गाण्यांचे मालक राजी असावे लागतात.

तुकड्यांपेक्षा जास्त अन्याय आवाजांवर झाला. सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या 'गॉना मेक यू स्वेट' या १९९०च्या गाण्यात जो बुलंद बायकी आवाज साद घालतो, तो मार्था वॉशचा. व्हिडिओत ओठ हलवते झेल्मा डेव्हिस ही सडपातळ तरुणी. मार्था अंगानं भरलेली होती, आणि कॅमेऱ्यासमोर ती चालणार नाही असं ठरवणाऱ्यांनी ठरवून टाकलं. ब्लॅक बॉक्स या इटालियन गटानं तिच्यासोबत हेच केलं होतं. ती कोर्टात गेली. तडजोड झाली तेव्हा व्हिडिओवर तिच्या आवाजाचा उल्लेख आला. ब्लॅक बॉक्सचंच 'राइड ऑन टाइम' हे १९८९चं गाणं लोलिएटा हॉलोवे हिच्या दशकभर जुन्या आवाजाच्या तुकड्यांवर उभं होतं. तिनं आक्षेप घेतल्यावर पुढच्या प्रतींसाठी हीदर स्मॉलकडून ते पुन्हा गाऊन घेतलं गेलं. म्हणजे एकाच नावाची दोन गाणी बाजारात, आणि संग्रहावर कुठलं आलंय हे कान लावल्याशिवाय कळायचं नाही. १९९१मध्ये मार्की मार्कच्या 'गुड व्हायब्रेशन्स'वर मात्र हॉलोवेचं नाव होतं, व्हिडिओत ती स्वतः होती, आणि ते गाणं अमेरिकेत पहिलं आलं.

जे संग्रहात नाहीत त्यांत माझा लाडका गट केएलएफ. १९९१ साली ब्रिटनमध्ये सिंगल्सच्या विक्रीत त्यांच्या पुढे कुणी नव्हतं. फेब्रुवारी १९९२मध्ये ब्रिट पुरस्कारांच्या समारंभात गटातल्या बिल ड्रमंडनं मंचावरून प्रेक्षकांवर मशीनगन झाडली. गोळ्या खोट्या होत्या. नंतरच्या मेजवानीच्या दारात त्यांनी मेलेली मेंढी टाकली, ती मात्र खरी होती. मे महिन्यात त्यांनी संगीताचा धंदा सोडल्याची घोषणा केली आणि ब्रिटनमधलं आपलं सगळं ध्वनिमुद्रण विक्रीतून काढून घेतलं. पुढे १९९४मध्ये स्कॉटलंडच्या जुरा बेटावर जाऊन दहा लाख पौंडांच्या खऱ्या नोटा जाळल्या. हिट गाण्यांचे संग्रह काढणाऱ्यांना त्यांची गाणी कुठल्याही किमतीला मिळत नव्हती, कारण किंमत सांगणारा माणूसच दुकान बंद करून गेला होता. १९९१ची आठवण म्हणून छापलेली कितीतरी वेष्टनं त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या गटाशिवाय निघाली. १ जानेवारी २०२१ला काही गाणी स्ट्रीमिंगवर परत आली, तीही अचानक.

गाणी मिळाली की क्रम लावायचा. त्यात फारसं गूढ नाही. सीडीवर साधारण चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात. दमदार गाणी पुढे, हळवी मध्ये एकत्र, नाचाची एका बाजूला. लांब गाण्यांची सिंगलवरची आखूड प्रत घेतात : ॲडम्सचं ते गाणं मूळ अल्बमवर साडेसहा मिनिटांचं आहे, सिंगलवर चारेक. वेगवेगळ्या स्टुडिओतली गाणी शेजारी आली की एक कुजबुजतं आणि दुसरं किंचाळतं. ते बरोबरीला आणण्यासाठी मास्टरिंग करणारा इंजिनीअर असतो. पुढच्या काळात त्यानं सगळ्यांनाच किंचाळायला लावलं. जुन्या गाण्यांच्या नव्या सीडीत ढोल आणि गायक एकाच उंचीवर उभे असतात. कान थकतो तो त्यामुळे.

कंपन्यांचे तट मग आपोआप मोडले. १९९२ साली ब्रॅन्सननं आपली विमान कंपनी तगवण्यासाठी व्हर्जिन रेकॉर्ड्स ईएमआयला ५६ कोटी पौंडांना विकली. वीस वर्षांनी ईएमआय स्वतःच युनिव्हर्सलच्या पोटात गेली. आज 'नाऊ'ची मालकी युनिव्हर्सल आणि सोनी यांच्यात आहे. त्यामुळे १९९१वरचा जो संग्रह आज निघतो, तो खुद्द १९९१मध्ये निघालेल्या संग्रहापेक्षा भरगच्च असू शकतो. ज्या गाण्यांना तेव्हा एका डबीत बसता येत नव्हतं, त्यांतली पुष्कळशी आता शेजारी बसू शकतात.

स्वस्तातले संग्रह मात्र अजूनही जपून घ्यावेत. यादीखाली 'मूळ कलाकारांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलं' अशा अर्थाची ओळ असली तर तो आवाज तुमच्या आठवणीतला नाही. गायकानं म्हातारपणी, जुन्या लेबलाला टाळून, नव्यानं गायलेला आहे. ही युक्ती नव्वदच्या सुरुवातीलाच मोठ्या प्रमाणावर चालून गेली. 'घोस्ट' अमेरिकेत गाजला तेव्हा 'अनचेन्ड मेलडी'चं १९६५चं ध्वनिमुद्रण कॅसेट सिंगल म्हणून दुकानात नव्हतं. रायचस ब्रदर्सनी कर्ब रेकॉर्ड्ससाठी ते घाईघाईनं पुन्हा गायलं. जुनं गाणं 'बिलबोर्ड'च्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं, नवं एकोणिसाव्या. दोन्ही एकाच वेळी पहिल्या विसात. कॅसेट घ्यायला दुकानात गेलेल्या हजारोंच्या घरी त्या वर्षी जे आलं, ते सिनेमात ऐकलेल्या पंचविशीतल्या बॉबी हॅटफिल्डचं नव्हे, तर पन्नाशीच्या हॅटफिल्डचं गाणं होतं.